खास मापाची विजेची सायकल २३ आठवडे झाले तरी आलेली नाही: वाट पाहावी की पैसे परत मागावेत?

मंदगती

नमस्कार. माझी उंची १९३ सेंटिमीटर आहे आणि एका शस्त्रक्रियेनंतर उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही. त्यामुळे तयार मिळणाऱ्या विजेच्या सायकलवर मला अर्ध्या तासापेक्षा अधिक बसवत नाही. म्हणून परदेशातील एका लहान कार्यशाळेला सर्व मापे पाठवून सायकल बांधायला दिली. लांब फ्रेम, आखूड क्रँक (पेडलचा दांडा), पेडलच्या आसाशी बसणारी मोटर आणि ४८ व्होल्ट, १४ अँपिअर-तासांची बॅटरी असे तिचे स्वरूप ठरले. निम्मी रक्कम आगाऊ दिली असून उरलेली माल निघण्यापूर्वी द्यायची आहे. मुदत १० आठवड्यांची होती आणि सध्या २३ वा आठवडा चालू आहे.

फ्रेम नवव्या आठवड्यातच तयार झाली आणि तिची छायाचित्रेही मला मिळाली. त्यानंतर मात्र “बॅटरीची कागदपत्रे येत आहेत”, “जहाजाचे बुकिंग नाकारले गेले” आणि “पुढच्या आठवड्यात नक्की” ही तीन उत्तरे आळीपाळीने येत आहेत. आता त्यांचे म्हणणे असे आहे की मी उरलेली रक्कम भरावी, म्हणजे ते सायकल जहाजाने आणि बॅटरी विमानाने वेगळी पाठवतील. हे मान्य करावे का? आणि ही दिरंगाई नेहमीची आहे की मला फसवले जात आहे?

कडेलोट

पैसे परत मागा. जी सायकल २३ आठवड्यांत कार्यशाळेच्या दारातून बाहेर पडली नाही, तिचा वेग ताशी किती असेल याचा हिशेब आपणच करावा.

गोदामपाल

मी १७ वर्षे मालवाहतुकीच्या क्षेत्रात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. फसवणूक झाली आहे की नाही हे मी सांगू शकत नाही, परंतु त्यांची तिन्ही उत्तरे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात आणि ती गोष्ट म्हणजे बॅटरी.

तुमची बॅटरी ४८ गुणिले १४, म्हणजे ६७२ वॅट-तासांची आहे. विमानाच्या प्रवाशाला १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी सोबत नेता येते आणि १०० ते १६० या टप्प्यात विमान कंपनीची परवानगी लागते. तुमची बॅटरी या वरच्या मर्यादेच्याही चौपटीहून मोठी असल्यामुळे ती पूर्णपणे ‘धोकादायक माल, वर्ग ९’ म्हणूनच हलवावी लागते. सुटी लिथियम-आयन बॅटरी ‘यूएन ३४८०’ या संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक-माल क्रमांकाखाली जाते, उपकरणासोबत किंवा उपकरणात बसवलेली ‘यूएन ३४८१’ खाली जाते आणि अशा बॅटरीवर चालणाऱ्या वाहनासाठी आता ‘यूएन ३५५६’ हा वेगळा क्रमांक आलेला आहे, ज्यात विजेची सायकलही मोडते. पूर्वी बॅटरीवर चालणाऱ्या सर्व वाहनांना ‘यूएन ३१७१’ हा एकच क्रमांक होता आणि अनेक लहान कारखाने अजूनही सवयीने तोच छापतात. एवढ्या एका जुन्या क्रमांकावरून बुकिंग परत आलेले मी पाहिले आहे.

कार्यशाळेचा प्रस्ताव मला पसंत नाही, कारण बॅटरी वेगळी केल्याने अडचण कमी होत नसून वाढते. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांच्या मालकक्षात बंदी आहे. त्या केवळ मालवाहू विमानाने जातात आणि त्यांचा चार्ज ३० टक्क्यांहून अधिक चालत नाही. बहुतेक कुरिअर कंपन्या असा माल केवळ आधी करार झालेल्या पाठवणाऱ्यांकडूनच स्वीकारतात. वर्षाला मोजक्या सायकली बांधणाऱ्या कार्यशाळेकडे असा करार असण्याची शक्यता कमी वाटते.

उरलेली रक्कम भरण्याआधी त्यांच्याकडे यूएन ३८.३ या, लिथियम बॅटरी वाहतुकीला सुरक्षित आहे का हे पाहणाऱ्या चाचणीचा सारांश मागा. ही चाचणी आठ भागांची असते. उंचीवरील कमी दाब, तापमानातील चढउतार, कंपन, आघात, बाहेरून शॉर्ट सर्किट, चिरडणे, अतिचार्ज आणि सक्तीचा डिस्चार्ज, अशा कसोट्यांतून बॅटरीचा नमुना जावा लागतो. १ जानेवारी २०२० पासून हा सारांश उपलब्ध करून देणे बॅटरीच्या उत्पादकावर बंधनकारक आहे. तो दोन दिवसांत मिळाला तर वाट पाहा, आणि मिळाला नाही तर कडेलोट यांचा सल्ला विचारात घ्या.

तिसरा_गिअर

गोदामपाल, एक शंका आहे. सेलच्या, म्हणजे बॅटरीच्या आतील सुट्या घटांच्या, उत्पादकाकडे यूएन ३८.३ चा सारांश असतोच, मग कार्यशाळेने त्याच सेलपासून बॅटरी बांधली असेल तर तो पुरेसा नाही का?

गोदामपाल

नाही, आणि लहान कार्यशाळा नेमक्या याच ठिकाणी अडकतात. सेलची चाचणी वेगळी आणि सेल जोडून तयार झालेल्या पॅकची चाचणी वेगळी. ग्राहकाच्या फ्रेममध्ये मावेल अशा आकारात पॅक नव्याने जोडला, तर तो कागदोपत्री नवी रचना ठरू शकतो. चाचणीसाठी पॅकचे अनेक नमुने द्यावे लागतात आणि त्यातले बरेचसे पुन्हा वापरण्याजोगे राहत नाहीत. एका सायकलसाठी हे कोणीही करणार नाही. त्यामुळे ‘खास मापाची’ हा शब्द फ्रेमला शोभतो, बॅटरीला नव्हे. फ्रेम हवी तशी वाकवावी, परंतु बॅटरी कारखान्याच्या यादीतली, आधीच चाचणी झालेलीच घ्यावी.

शिसेजोड

मी बॅटऱ्या दुरुस्त करतो, म्हणून वरच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा देतो आणि एक पाऊल पुढे जातो. बॅटरी परदेशातून मागवूच नका. सायकल बॅटरीविना येऊ द्या आणि बॅटरी तुम्ही राहता त्या देशातच, जबाबदारी घेणाऱ्या विक्रेत्याकडून खरेदी करा.

यामागे वाहतुकीपेक्षा मोठे कारण आहे. सदोष किंवा इजा झालेली, तापण्याचा धोका असलेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवण्यास पूर्ण मनाई आहे. समजा आठ महिन्यांनी पॅकमधला सेलचा एक गट दगावला आणि कार्यशाळेने वॉरंटी मान्यही केली, तरी ती बॅटरी त्यांच्याकडे कशी पाठवणार? जहाजानेही सदोष बॅटरीसाठी विशेष वेष्टन आणि विशेष परवानग्या लागतात. दोन वर्षांची वॉरंटी कागदावर असते, बॅटरी मात्र तुमच्या माळ्यावर पडून राहते.

अनुस्वार

शिसेजोड यांचा सल्ला सर्वसाधारणपणे योग्य असला तरी तो सरसकट लागू करता येणार नाही. पेडलच्या आसाशी बसणाऱ्या अनेक मोटरी बॅटरीतील नियंत्रण-मंडळाशी, म्हणजे ज्याला सगळे बीएमएस म्हणतात त्याच्याशी, संवाद साधतात आणि ओळखीचे उत्तर आले नाही तर सुरूच होत नाहीत. व्होल्ट जुळले, जोडणीचा खटका जुळला, तरी पडद्यावर बिघाडाचा संकेत येऊन मोटर मौन पाळते. मंदगती यांनी मोटरचे नाव सांगितलेले नाही, त्यामुळे ती कोणत्या प्रकारची आहे हे आधी कळले पाहिजे.

शिसेजोड

मान्य. मी खुल्या मोटरी गृहीत धरल्या होत्या, ज्यांना अधिक आणि उणे या दोनच तारा पुरतात. बंदिस्त प्रणालीची मोटर असेल तर माझा सल्ला बाद समजावा.

चाकोरीबाहेर

माझा अनुभव थोड्या वेगळ्या अडथळ्याचा आहे. पूर्ण सायकलवर शुल्क जास्त आणि सुट्या भागांवर कमी आहे असे वाचून मी विक्रेत्याला सांगितले की फ्रेम, चाके आणि मोटर तीन खोक्यांत सुटे पाठवा आणि प्रत्येक खोक्यावर ‘सायकलचे भाग’ असे लिहा. तिन्ही खोकी एकाच दिवशी, एकाच नावावर, एकाच इन्व्हॉइसखाली बंदरावर आली. सीमाशुल्क अधिकाऱ्याने ती शेजारी-शेजारी ठेवून पाहिली आणि मला विचारले, “सायकलचे यात काय यायचे उरले आहे, ते सांगता का?” शेवटी पूर्ण सायकलचेच शुल्क लागले, आणि वर तीन खोक्यांच्या तपासणीसाठी गोदामाचे भाडेही द्यावे लागले.

गोदामपाल

त्या अधिकाऱ्यामागे नियमाचे बळ होते. सीमाशुल्कासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एचएस या मालाच्या वर्गीकरणाच्या अर्थनिर्णयाचा नियम २(अ) असा आहे की अपूर्ण किंवा न जोडलेल्या स्थितीत आलेल्या वस्तूत पूर्ण वस्तूचे मूळ स्वरूप असेल, तर ती पूर्ण वस्तूच्याच शीर्षाखाली मोजली जाते. मोटर नसलेली सायकल ८७१२ या शीर्षाखाली येते आणि विजेच्या मोटरची सायकल ८७११.६० खाली. हे दुसरे उपशीर्ष २०१७ च्या आवृत्तीत नव्याने आले. ८७११ हे मुळात मोटरसायकलींचे शीर्ष आहे, त्यामुळे काही ठिकाणी विजेच्या सायकलकडे पाहण्याची नजर तिथूनच बदलते.

मंदगती यांनी बॅटरीविना सायकल मागवली, तरी फ्रेम, चाके आणि मोटर एकत्र येत असतील तर ती ८७११.६० मध्येच धरली जाण्याची शक्यता मोठी आहे. शुल्क वाचवण्यासाठी तो मार्ग नाही. तो धोकादायक मालाच्या कागदांतून सुटण्यासाठी आहे. हा भेद लक्षात ठेवावा.

कडेलोट

म्हणजे पाणी वगळून पाठवला तरी तो चहाच.

आडवाटेची

शुल्काबरोबर वेष्टनाचाही विचार करा, कारण माझी सायकल त्यापायी पाच आठवडे अडकली होती. कार्यशाळेने मोठ्या प्रेमाने कच्च्या लाकडाची पेटी ठोकली आणि आत भुसा भरला. लाकडी वेष्टनातून कीड पसरू नये म्हणून आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम आहे, ज्यानुसार लाकडावर उष्णतेची किंवा अन्य मान्य प्रक्रिया करून तसा शिक्का मारावा लागतो. शिक्का नसल्यामुळे पेटी उघडली गेली, लाकूड नष्ट केले गेले आणि सायकल नव्या खोक्यात भरण्याचा खर्च माझ्याकडून घेतला गेला. प्लायवूडला हा नियम लागू नाही आणि जाड पुठ्ठ्याला तर प्रश्नच येत नाही, पण हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

आणखी एक गोष्ट म्हणजे खोक्याची मापे. लांब फ्रेम असलेल्या मंदगती यांना हे अधिक भोवेल. १६० गुणिले ३० गुणिले ९० सेंटिमीटरचे खोके धरले, तर आकारमान ४,३२,००० घनसेंटिमीटर होते. व्यापलेल्या जागेनुसार वजन काढण्यासाठी कुरिअरवाले त्याला सामान्यतः ५,००० ने भागतात, म्हणजे सायकल प्रत्यक्षात ३० किलोची असली तरी आकारणी ८६ किलोंची होते. विमानाच्या सर्वसाधारण मालवाहतुकीत ६,००० ने भागतात, तरी ७२ किलो येतातच. पुढचे चाक, हँडल आणि सीटचा दांडा काढून खोके २० सेंटिमीटरनी कमी करता आले तर केवढा फरक पडतो ते पाहा.

अनुस्वार

२० सेंटिमीटर कोणत्या बाजूने, हे सांगायला हवे होते. लांबीतून काढले तर आकारमान आठव्या हिश्श्याने घटते आणि रुंदीतून काढले तर दोन तृतीयांशाने, मात्र मग १० सेंटिमीटर रुंदीच्या खोक्यात सायकल घालणारा कारागीर शोधावा लागेल.

आडवाटेची

लांबीतून, अनुस्वार. वाचकांच्या सामान्यबुद्धीवर विश्वास ठेवला होता.

उंबरठा

मी वाचनमात्र होतो, पण एक प्रश्न विचारावासा वाटतो. जहाजालाच एवढा उशीर का होतो? माझ्या मित्राची सायकल प्रत्यक्ष जहाजावर चढल्यानंतरही ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा आली.

गोदामपाल

कारणे अनेक असतात. एका सायकलला पूर्ण कंटेनर लागत नाही, त्यामुळे ती इतरांच्या मालासोबत एकत्र भरली जाते. कंटेनर भरेपर्यंत थांबावे लागते, आणि आतल्या एका जरी मालाची कागदपत्रे अडली तरी बाकीच्यांचाही खोळंबा होतो. धोकादायक माल असेल तर तो सोबत घ्यायला तयार असणारा कंटेनर मिळणे हीच मुळात वेगळी प्रतीक्षा असते.

मार्गाचाही प्रश्न आहे. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे आशिया आणि युरोप यांच्यातील बरीच जहाजे सुएझ कालवा सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि फेरीचे साधारण १० ते १४ दिवस वाढले. चीनच्या नववर्षाच्या सुमारास कारखाने बंद होतात आणि कामगार गावी जातात, तेव्हा सुटीच्या आधीची घाई आणि नंतरची सुस्ती धरून महिना सहज जातो. सायकल कुठेही बांधली तरी सेल, मोटर किंवा कंट्रोलर बऱ्याचदा तिकडूनच येतात.

तिसरा_गिअर

सुएझचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज कालव्यात सहा दिवस अडकले, तेव्हा मालकांनी ‘जनरल अॅव्हरेज’ जाहीर केले होते. म्हणजे जहाज आणि सर्व माल वाचवण्यासाठी झालेला असाधारण खर्च, ज्यांचा ज्यांचा माल जहाजावर होता त्या सर्वांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. माल पूर्ण सुरक्षित असला तरी हमी दिल्याशिवाय तो सोडत नाहीत. विमा असेल तर विमा कंपनी ती हमी देते आणि नसेल तर स्वतःच्या खिशातून अनामत भरावी लागते. तेव्हा एका सायकलसाठी कशाला विमा, असे कोणी म्हणू नये.

चाकोरीबाहेर

मला हे आज प्रथमच कळले. माझ्या सायकलचा विमा नव्हता.

अनुस्वार

मूळ प्रश्नाकडे परत येऊ. मंदगती, दोन गोष्टी सांगा. करारात कोणती वितरण-अट लिहिली आहे आणि मोटरच्या माहिती-पट्टीवर किती वॅट छापले आहेत? पहिल्या गोष्टीवर खर्च कोणाचा हे ठरते आणि दुसऱ्या गोष्टीवर तुम्ही मागवलेली वस्तू कायद्याने सायकल आहे की नाही हे ठरते.

मंदगती

सर्वांचे आभार. करारात ‘डीएपी’ असे लिहिले आहे, जे मी आजवर ‘घरपोच’ याच अर्थाने वाचत होतो. मोटरच्या पट्टीचे छायाचित्र आजच मागवले आणि तिच्यावर ७५० वॅट आहे. मी ५०० मागितले होते. त्यांचे उत्तर असे की मोटर तीच आहे, वेग आणि शक्ती प्रणालीतून कमी करून देतात. मोटर खुल्या प्रकारची आहे, म्हणजे शिसेजोड यांचा पर्याय खुला राहतो असे दिसते.

अनुस्वार

डीएपी म्हणजे तुमच्या पत्त्यापर्यंतची वाहतूक त्यांची, परंतु आयातीची सीमाशुल्क प्रक्रिया, शुल्क आणि कर तुमचे. ते सर्व विक्रेत्याने भरावे असे हवे असेल तर अट ‘डीडीपी’ असावी लागते. घरपोच दोन्हींत आहे, पण डीएपीमध्ये उंबरठ्याच्या अलीकडे तुमची पिशवी उघडते. (उंबरठा यांनी गैरसमज करून घेऊ नये.)

७५० वॅटची पट्टी ही गंभीर बाब आहे. इथे आपण वेगवेगळ्या देशांत राहतो, म्हणून सर्वांसाठी लिहितो. युरोपीय संघात पेडलला साहाय्य करणारी, २५० वॅटपर्यंत सतत शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरला साहाय्य थांबवणारी सायकलच मोटार-वाहनांच्या मान्यतेतून सुटते. त्याहून शक्तिशाली असेल तर ती मोपेडसारख्या वर्गात जाते आणि तिला प्रकार-मान्यता लागते. अमेरिकेच्या केंद्रीय ग्राहक-सुरक्षा कायद्यात मर्यादा ‘७५० वॅटपेक्षा कमी’ आणि केवळ मोटरवर ताशी २० मैलांपेक्षा कमी अशी आहे. म्हणजे पट्टीवर नेमके ७५० लिहिलेले असेल तर काटेकोर वाचणारा माणूस तिथेही हरकत घेऊ शकतो. प्रणालीतून शक्ती कमी केली आहे, हे तपासणाऱ्याला दिसत नाही, त्याला पट्टी दिसते.

गोदामपाल

पट्टी बदलून पाठवा, असे त्यांना सांगू नका. काही विक्रेते आनंदाने वेगळा आकडा चिकटवून देतात आणि किंमतही निम्मी लिहून देतात. खोटी पट्टी आणि खोटी किंमत यांची जबाबदारी आयात करणाऱ्याच्या नावावर पडते, कारण घोषणापत्र त्याच्या नावाने दाखल होते. शिवाय विमा घोषित किमतीवर असेल, तर माल हरवल्यास भरपाईही निम्मीच मिळेल. करारानुसार ५०० वॅटची मोटर बसवून द्यावी, असे मागणे हाच योग्य मार्ग आहे. त्यातही आधी तुमच्या देशातील मर्यादा तपासा, कारण अनेक ठिकाणी ५०० देखील चालत नाही. आणि आतापर्यंतच्या दिरंगाईत ही चूक निघाली, हे नशीब समजा. सायकल बंदरावर पोहोचल्यावर निघाली असती, तर रोजच्या भाड्याचे मीटर चालू असताना पत्रव्यवहार करावा लागला असता.

कडेलोट

मी माझे पहिले मत मागे घेतो. उशीर करून त्यांनी उपकारच केले आहेत.

मंदगती

चार दिवसांनी लिहितो आहे. इथल्या मर्यादा पाहिल्या, २५० वॅटच चालतात. गोदामपाल यांनी सांगितल्याप्रमाणे यूएन ३८.३ चा सारांश मागितला होता आणि तो दुसऱ्याच दिवशी आला. त्यावरील पॅकचा क्रमांक आणि छायाचित्रातील बॅटरीवरचा क्रमांक यांत शेवटची दोन अक्षरे वेगळी आहेत. विचारल्यावर कळले की माझ्या फ्रेमच्या लांब नळीत बसावी म्हणून त्यांनी पॅक स्वतः नव्याने जोडला होता. बुकिंग नाकारले जाण्याचे कारण हेच होते आणि ते त्यांना १४ व्या आठवड्यापासून ठाऊक होते. फसवणूक होती असे आता वाटत नाही, पण ते मला त्याच वेळी न सांगणे मला पटलेले नाही.

आम्ही असे ठरवले आहे की बॅटरी रद्द, तिची किंमत उरलेल्या रकमेतून वजा. मोटर २५० वॅटची, पट्टीच्या छायाचित्रासह. खोके पुठ्ठ्याचे, पुढचे चाक सुटे, विमा माझ्या खर्चाने आणि पूर्ण किमतीचा. उरलेली रक्कम बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, प्रत आल्यावर. त्यांनी शेवटची अट सोडून सर्व मान्य केले आहे, त्या अटीवर बोलणे चालू आहे.

शिसेजोड

नळीच्या आतली मापे मिलिमीटरमध्ये मागवून घ्या, तिरप्या कडेसह. चाचणी झालेला तयार पॅक त्यात शिरला नाही तर नळीवर बाहेरून बसणारा घ्यावा लागेल, आणि त्यासाठी फ्रेमवर दोन आटे असलेली भोके हवीत. ती रंग देण्यापूर्वीच पाडता येतात.

मंदगती

रंग मागच्याच महिन्यात दिला आहे. आज विचारतो.